झोळी आणि मोठी दारं

“...मग लोक येत का नाहीत, बाबा?”

“कुठं?”

“माझ्या वेबसाइटवर.”

धुंडीनाथबाबा मठाच्या ओट्यावर बसून झोळीला टाके घालत होते. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि जरा विचार केला.

“रस्ता खराब आहे का तिकडचा?”

“बाबा, चेष्टा करू नका.”

“बरं. नाही करत.”

आणि ते पुढचा टाका घालू लागले.

विचारणारी होती शाल्मली देशमाने, पुण्याची. हिवरमाळच्या या ओढ्याकाठच्या मठात तिचे वडील, अप्पा, वर्षानुवर्षं येत. ती कधी आली नव्हती. साधू-बैराग्यांशी तिचं फारसं जमत नसे. पण सगळे जाणकार विचारून झाले होते, आणि त्या सगळ्यांनी तिला जे सांगितलं ते तिला आधीच ठाऊक होतं. मग आईच म्हणाली, अप्पा जायचे तिथे एकदा जाऊन ये. आली.

खरं सांगायचं तर ती काही शिकायला आली नव्हती. आपलं बरोबर आहे, एवढं कुणीतरी म्हणावं म्हणून आली होती.

तिचं कामच मुळी हे. लोक मोबाईलवर काहीबाही शोधतात, तेव्हा कोणते शब्द टाकतात, महिन्याला किती जण टाकतात, हे सगळं आधी काढायचं. मग ज्या शब्दांना गर्दी जास्त त्यांवर लेख लिहवून घ्यायचे. कुठला लेख कधी टाकायचा त्याचं वर्षभराचं वेळापत्रक आखायचं. दुसऱ्यांच्या वेबसाइट तिने शोधयादीत अशा वर चढवल्या होत्या की लोक तोंडात बोट घालत. मिठाईवाल्याची, शाळेची, पंखे बनवणाऱ्याची.

स्वतःची मात्र चढेना.

तिच्या वेबसाइटचं नाव ‘उशाशी’. घरात जे अंथरुणाला खिळून आहेत आणि जे त्यांच्या उशाशी बसून आहेत, त्यांच्यासाठी. अप्पांना अर्धांगवायू झाला, ते पडून राहिले, तिने त्यांचं सगळं केलं, आणि ते गेल्यावर नोकरी सोडून तिने हे सुरू केलं. जीव ओतून केलं. आता जुनी कंपनी परत बोलावत होती. सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. हो म्हटलं तर ‘उशाशी’ बंद, कारण तिथल्या माणसांना स्वतःची वेबसाइट चालवायची परवानगी नव्हती.

“आणि मला बंद करायची नाहीये,” ती म्हणाली.  

“कोण येतं म्हणालीस तिथं?”

“तेच तर. कुणी येत नाही.”

“आणि लिहितेस काय?”

आता ती खुलली. मोबाईल काढून तिने वेळापत्रक दाखवलं. जानेवारीत वजन कमी करण्याचे उपाय, कारण जानेवारीत सगळा महाराष्ट्र तेच शोधतो. उन्हाळ्यात ऊन लागणं. पावसाळ्यात प्रतिकारशक्ती. दिवाळीत फराळ आणि मधुमेह. एकेका शब्दामागे लाखांनी माणसं.

बाबांनी चष्मा वर केला, खाली केला.

“अंथरुणाला खिळलेल्यानं वजन कमी करायचं?”

“तसं नाही, बाबा. आधी गर्दी आणायची. मग त्यातले काही जण आपले.”

“हां...”

बाबांनी झोळी झटकली, उलटी करून पाहिली, सुलटी केली, आणि तिच्या मांडीवर ठेवली.

“उद्या तू जायचं.”

मठाचा तसा रिवाजच होता. रात्री मुक्कामाला राहिलेल्या पाहुण्याने दुसऱ्या दिवशी झोळी घेऊन गावात भिक्षेला जायचं. पाहुणा व्यापारी असो, वकील असो, की कुणाचा कोण. तो आणील त्यावर मठ जेवणार. या रिवाजामुळे मठात मुक्कामाला फारसं कुणी राहत नसे, आणि बाबांना त्याचं काही वाईट वाटत नसे.

शाल्मलीच्या जिवावर आलं. पण नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने कधी कुठलं काम अंगावर घेतलं आणि जमलं नाही, असं झालं नव्हतं.

सकाळी बाबांनी नियम सांगितले.

“तीन दारं. एका दारी एकच हाक, ‘अलख’. मग एका गायीची धार काढून होईल इतका वेळ गप उभं राहायचं. आलं तर घ्यायचं, नाही तर पुढं. अमुक द्या, तमुक द्या म्हणायचं नाही. चौथं दार नाही.”

“दारं कोणती?”

“तुझी तू बघ.”

गायीची धार काढायला किती वेळ लागतो हे तिला माहीत नव्हतं. तिने ते मोबाईलवर शोधलं. मग गळ्यात झोळी, हातात कटोरा, पायात बूट, असं ते ध्यान गावात निघालं.

आता दुसरं कुणी असतं तर समोर दिसेल त्या दारी उभं राहिलं असतं. शाल्मली किराणा दुकानापाशी थांबली. तिने चौकशी केली. गावात जास्तीत जास्त कोण वाढतं? दुकानात दोघं-तिघं होती, त्यांना विचारलं. पारावर विचारलं. पाणी भरणाऱ्या बायांना विचारलं. सगळ्यांनी जी नावं घेतली त्यांतली सगळ्यात वरची तीन तिने निवडली. पाटलांचा बंगला. डेअरीच्या चेअरमनचं घर. आणि मास्तर-मास्तरीण, दोघं कमावते.

बायांपैकी एकीने विचारलं, “कुणाची गं तू?”

“मठातली,” ती म्हणाली, आणि तिलाच जरा गंमत वाटली.

पाटलांच्या दारी पोचली तर तिथे आधीच एक वासुदेव उभा. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या, गाणं अगदी रंगात आलेलं. त्याच्या मागे नंदीबैलवाला. त्याच्या मागे कुठल्याशा देवीची परडी घेतलेली एक बाई. पाटील वाढतात हे जे सगळ्या गावाला ठाऊक, ते या मंडळींना ठाऊक नसेल होय?

शाल्मली सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

“अलख...” तिने हाक दिली.

नंदीबैलाचं गुबूगुबू, वासुदेवाच्या चिपळ्या, त्यात तिची हाक तिलासुद्धा नीट ऐकू आली नाही. एकच हाक द्यायची होती. देऊन झाली होती. ती गप उभी राहिली. गायीची धार काढून झाली असेल तेव्हा वासुदेवाने नवं कडवं धरलं.

ती पुढे गेली.

चेअरमनच्या फाटकाला आतून कुलूप. कुत्रा भुंकत बसला, आणि भिंतीतल्या बेलच्या डबीतून आवाज आला, “पुढं जा, पुढं.” तिसऱ्या घरी मास्तर-मास्तरीण दोघंही शाळेत. दाराला भलंमोठं कुलूप. नियम म्हणून ती त्या कुलपासमोरही पूर्ण वेळ उभी राहिली.

रिकामी झोळी घेऊन परत येताना तिला रडूच यायला लागलं. आपल्या पोटाचं काही नाही. पण मठात एक म्हातारा माणूस आपल्या भरवशावर उपाशी बसलाय, आणि आपण तीन दारं हिंडून त्याच्यासाठी चतकोर भाकरीसुद्धा आणू शकलो नाही.

बाबांनी झोळीत डोकावून पाहिलं.

“हलकी आहे,” ते म्हणाले.

मग ते तांब्याभर पाणी प्यायले, आणि मस्तपैकी ढेकर देऊन ओट्यावर आडवे झाले. तोंडावर इतकं समाधान, की कुणाला वाटावं पुरणपोळी झालीय.

शाल्मली मात्र बसल्या जागी विचार करत राहिली. पोटात कावळे ओरडत होते आणि डोकं भराभर चालत होतं. दुपार उतरली तशी ती एकदम सरळ बसली.

“बाबा, कळलं मला.”

“काय कळलं?”

“मोठ्या दारी सगळेच उभे असतात. तिथं आपली हाक ऐकूच जात नाही. लहान दारी जायला पाहिजे, जिथं कुणी जात नाही. आमच्या धंद्यातही हेच आहे. मोठ्या शब्दांवर मोठ्या वेबसाइट बसलेल्या असतात. त्यापेक्षा लहान शब्द निवडायचे. मला हे माहीत होतं, मीच इतरांना सांगायचे. स्वतःच्या वेळी हाव सुटली.”

“हां...”

“हेच सांगायचं होतं ना तुम्हाला?”

“मी काय सांगितलं?” बाबा म्हणाले. “मी तर झोपलो होतो.”

“उद्या परत मला झोळी द्या.”

“घे की. मला पण भूक लागलीय.”

दुसऱ्या दिवशी ती गावाच्या टोकाला गेली. ओढ्यापलीकडे तीन-चार पत्र्याची घरं होती. पहिल्या दारी एक म्हातारी आली, तिने दोन भाकरी घातल्या. दुसऱ्या दारी कटोराभर पिठलं आणि वर मिरचीचा ठेचा. तिसऱ्या दारच्या बाईने हाक ऐकून पातेलंच बाहेर आणलं, भात वाढला, आणि विचारलं, “बाबांचं अंग बरं आहे नव्हं? काल कुणी आलं नाही मठातनं.”

शाल्मलीने मान डोलावली.  झोळी भरली होती.

परत येताना ती जवळजवळ पळतच आली. ओट्यावर सगळं मांडलं. बाबांनी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, आणि डोळे मिटून खाल्ली. शाल्मली त्यांच्याकडे बघत बसली. एवढं चांगलं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

“झकास,” बाबा म्हणाले.

“म्हणजे माझं बरोबर आहे.”

“पिठलं बरोबर आहे.”

“आणि माझं?”

बाबांनी बोटं चाटली.

“तू अजून दारंच मोजतेस, माय. काल मोठी मोजलीस, आज लहान मोजलीस.”

तिचा चेहरा पडला.

“मग काय मोजू?”

 बाबांनी हात धुतले. झोळी रिकामी करून खांद्याला अडकवली, कटोरा घेतला, आणि सावकाश फाटकाबाहेर गेले. शाल्मलीला वाटलं, बाबा रागावले की काय. या वयात, जेवणावरून उठून, चालले कुठे?

बाबा कुठेच गेले नाहीत. फाटकाबाहेर जाऊन ते वळले. उंबऱ्यापलीकडे, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

“अलख... माय, भिक्षा वाढ.”

“बाबा... हे काय?”

बाबा गप्प.

“तुम्ही आत्ता जेवलात.”

बाबा गप्प. कटोरा पुढे. मान खाली. दारोदार फिरून आलेला कुणी अनोळखी माणूस उभा असावा तसे.

ती ओट्यावर बसलेली, पुढ्यात भाकरी. तो बाहेर उभा, हातात रिकामं भांडं. तिला कसंसंच झालं. आपण बसलोय आणि हा माणूस उभा आहे, हे तिला बघवेना. तिने उरलेली भाकरी उचलली, फाटकापाशी गेली आणि कटोऱ्यात घातली.

बाबांनी ती काढून तिच्या हातात परत दिली.

“हे नको.”

“मग काय वाढू?”

“तुझे अप्पा पडून होते...”

“हो.”

“तेव्हा तू त्या मोबाईलमध्ये काय शोधलंस?”

शाल्मलीने हातातल्या भाकरीकडे पाहिलं.

लाखांचे आकडे तोंडपाठ असलेली ही बाई. कुठल्या गावातली माणसं कुठल्या महिन्यात काय शोधतात, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण स्वतः काय शोधलं होतं, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

“एकटीनं...” ती म्हणाली. “एकटीनं माणसाची कूस कशी बदलायची.”

“हं.”

“आई थकलेली. भाऊ परदेशात. अप्पा अंगानं भरलेले. मला वळवता येत नव्हतं. पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या.”

“मिळालं?”

“नाही. म्हणजे होतं काहीतरी. दोन माणसं लागतील, असं लिहिलेलं. मी एकटीच होते, बाबा.”

“मग अप्पा तसेच पडून राहिले?”

“नाही, नाही.” ती एकदम म्हणाली. “जमलं मला नंतर.”

“कसं?”

तिने मागे येऊन भाकरी ओट्यावर ठेवली आणि हातांनीच दाखवू लागली. “ज्या अंगावर वळवायचं त्या बाजूला आपण उभं राहायचं. त्यांचा पलीकडचा गुडघा वाकवायचा. पलीकडचा हात छातीवर घ्यायचा. मग आपला एक हात त्यांच्या पलीकडच्या खांद्यावर, एक कमरेपाशी, आणि आपल्याकडे ओढायचं. ताकद लागत नाही. गुडघा वाकला की अंग आपोआप येतं. पाठीशी उशी लावायची. आणि...”

“आणि?”

“आणि आधी सांगायचं. ‘अप्पा, आता मी वळवते हं.’ न सांगता वळवलं की ते घाबरायचे. पडतोय असं वाटायचं त्यांना. माझं मनगट घट्ट धरून ठेवायचे.”

तिच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसायचंही तिला सुचलं नाही.

 बाबांचा कटोरा अजून पुढेच होता.

“हे लिहिलंयस तिथं?”

“नाही.”

“का?”

“हे असं शोधणारे महिन्याला दहा-बारा जण असतील, बाबा. फार तर. कामाचा शब्द नाही तो.”

“दहा-बारा.”

“हो.”

“कुठं उभे आहेत ते?”

तिने मान वर केली. फाटकात बाबा उभे होते, रिकामा कटोरा घेऊन.

आपण बाहेर उभं राहून हाका मारतोय, असंच ती आजवर समजत होती. या, माझ्याकडे या. कुणीतरी या. मोठ्या दारी मारून पाहिल्या, लहान दारी मारून पाहिल्या... आणि दार तर तिचं स्वतःचंच होतं; बाहेर ते दहा-बारा जण उभे होते.

 ती आत गेली आणि लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली.

बाबा आत आले, कटोरा पालथा घातला, आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

ती दुपारभर लिहीत होती. शब्दांचे आकडे तिने एकदाही उघडून बघितले नाहीत. कूस बदलण्याचं लिहिलं, सगळ्यात वर तेच वाक्य घातलं जे तेव्हा मोबाईलवर टाकलं होतं, जसंच्या तसं. मग पुढचं आठवलं. अप्पांना दवाखान्यातून घरी आणलं तो दिवस. पलंग कुठल्या खोलीत लावायचा. अंथरुणातच अंघोळ कशी घालायची. जेवताना ठसका लागला तर काय करायचं. ते चिडायचे, ताट ढकलायचे, तेव्हा काय करायचं. आणि आपण चिडलो तर, मग काय करायचं. ज्या क्रमाने तिला प्रश्न पडत गेले होते त्याच क्रमाने ते येऊन बसू लागले. सणावारांचं वेळापत्रक तिने पुसून टाकलं. तिथे आता अप्पांचा आजार होता, पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत.

मधेच तिला हसू आलं. अप्पा एकदा भर जेवणात म्हणाले होते, तुझ्या हातची खिचडी खाण्यापेक्षा मेलेलं बरं. तेही तिने लिहिलं.

उन्हं ओट्यावरून खाली उतरली. ओढ्याकडून गुरं परत येऊ लागली. शाल्मलीने लॅपटॉप मिटला, मोबाईल घेतला, आणि कंपनीला दोन ओळींचा निरोप पाठवला. बोलावल्याबद्दल आभार. मी येत नाही.

पाठवून झाल्यावर तिने मोबाईल उलटा ठेवला. आता परतीची वाट नव्हती. पण गंमत म्हणजे आत कुठेतरी अगदी शांत होतं, अप्पा नीट कुशीवर झोपले की व्हायचं तसं.

ती बाबांपाशी येऊन बसली. बाबा जागेच होते.

“बाबा.”

“हं.”

“सगळं लिहीन मी. एकेक करून. नाही म्हणून कळवलंसुद्धा त्यांना.”

“बरं केलंस.”



“पण बाबा... एवढं सगळं लिहिलं... आणि तरी कुणीच नाही आलं तर?”

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“मग असं समज, माय... की साऱ्या जगात पडून होते ते एकटे तुझे अप्पाच. पटतंय का?”